चढण : स्वेच्छेची आणि गरजेची

ज्या कामातून काही उत्पन्न होत नाही, ज्यासाठी कोणी मजुरी देत नाही आणि जे न केल्याने कोणाचे काही अडत नाही, असे कष्ट माणूस आपणहून का पत्करतो? आणि त्या कष्टांना काही नैतिक मूल्य असते काय? पायी असो वा सायकलीने, डोंगराचा माथा गाठणे हा गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गाचा आवडता छंद झाला आहे. त्याचे समर्थन बहुधा श्रमाच्या भाषेत केले जाते. घाम गाळून पाहिलेला देखावा मोटारीतून पाहिलेल्या देखाव्यापेक्षा श्रेष्ठ, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. कारण त्याच डोंगरावर, त्याच वाटेने, दुसरे कोणीतरी पोटासाठी चढत असते आणि त्याच्या घामाला अशी प्रतिष्ठा मिळत नाही.

युरोपीय परंपरेत या छंदाचा आरंभ सांगताना इटालियन कवी पेत्रार्क याचे नाव घेण्याची प्रथा आहे. २६ एप्रिल १३३६ रोजी आपण भावासह दक्षिण फ्रान्समधील माँ व्हाँतू हा पर्वत चढलो आणि तो केवळ त्याची उंची पाहण्याच्या इच्छेने चढलो, असे त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे. सुमारे १९०० मीटर उंचीच्या त्या माथ्यावर त्याने संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदनपर पुस्तक उघडले आणि बाहेरच्या पर्वतांवरून त्याची दृष्टी स्वतःच्या अंतरंगाकडे वळली. अभ्यासकांनी या प्रसंगाचे पुष्कळ विवरण केले आहे. मला मात्र त्या पत्रातील एक गौण पात्र अधिक महत्त्वाचे वाटते. पायथ्याशी या दोघा भावांना एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. पन्नास वर्षांपूर्वी तारुण्याच्या भरात तोही माथ्यावर जाऊन आला होता. पदरी पडले ते श्रम, पश्चात्ताप आणि काट्याकुट्यांनी फाटलेले कपडे, असे सांगून तो त्यांना परतवू पाहतो. त्याच्याकडे सौंदर्यदृष्टी नसलेला अडाणी म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण तोही एकदा विनाकारण चढला होता, हे विसरता कामा नये. तशी उमेद त्यालाही होती. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्या वाट्याला डोंगर आला तो कळपामागे चालण्यापुरता.

याच पर्वताची दुसरी एक कथा आहे. १९५१ पासून फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत अधूनमधून माँ व्हाँतूवरून जाऊ लागली. १३ जुलै १९६७ रोजी भर उन्हात ही चढण चढत असताना टॉम सिम्पसन हा एकोणतीस वर्षांचा इंग्रज सायकलपटू माथ्याच्या थोडे अलीकडे कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य सापडले. ज्या डोंगरावर पेत्रार्क निव्वळ कुतूहलापोटी गेला, त्याच डोंगरावर सहा शतकांनंतर चढणे हा एक व्यवसाय झाला होता आणि त्या व्यवसायात मध्येच थांबणे जवळजवळ अशक्य होऊन बसले होते. आपल्याकडेही मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाची चढण प्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. कॅन लटकावून चढावर सायकल ढकलत नेणाऱ्या गवळ्याला मात्र कोणी राजा म्हटलेले नाही. आणि १८६३ मध्ये पूर्ण झालेला बोरघाटातील लोहमार्ग बांधताना रोगराईने व अपघातांनी जे हजारो मजूर कामी आले, त्यांची तर नावेही उरली नाहीत. चढण एकच, श्रमही कदाचित सारखेच. तेव्हा मूल्याचा भेद श्रमात नसून अन्यत्र असला पाहिजे.

हा भेद कोठे आहे, हे सह्याद्रीतील दोन आख्यायिकांवरून उमगते. रायगडावर दूध घालायला आलेली हिरकणी गडाचे दरवाजे बंद झाल्यामुळे कोजागिरीच्या रात्री कडा उतरून घरी तान्ह्या बाळाकडे गेली, ही कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. तिच्या धाडसाचे आपण कौतुक करतो. पण त्या कड्याशी तिला काही सिद्ध करायचे नव्हते. दरवाजा उघडा असता तर ती पायवाटेने गेली असती. दुसरी कथा कळसूबाईची. अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवरील, १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्राचे हे सर्वोच्च शिखर एका कामकरी मुलीच्या नावाने ओळखले जाते. कळसू ही कोळ्याची मुलगी. पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी ती कामाला राहिली, ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या अटीवर. एके दिवशी तिला नेमके तेच करायला सांगितले. तिने ते केले, डोंगर चढून गेली आणि पुन्हा खाली आली नाही.

आपल्या सर्वांत उंच माथ्याला राजाचे नाव नाही, वीराचेही नाही; मोडलेल्या कराराचे उत्तर देणाऱ्या मोलकरणीचे आहे. हिरकणीला परतण्याची मुभा नव्हती. कळसूने काम सोडून निघून जाण्याची मुभा स्वतःच घेतली. माझ्या मते स्वेच्छेच्या श्रमाची कसोटी हीच आहे. वाटेत दमून माघारी वळलो तर कोणाची चूल विझणार नाही, अशी ज्याची स्थिती असते, त्याचीच चढण स्वेच्छेची म्हणावी. छंदी गिर्यारोहकाला माथ्यावर जो आनंद मिळतो, तो कष्टाचा मोबदला आहे असे त्याला वाटते. वस्तुतः तो त्या मुभेचा आनंद असतो. आणि ही मुभा त्याने चढून मिळवलेली नसते. पायथ्याशी येतानाच ती त्याच्याजवळ असते.

यावर असा आक्षेप येईल की, मग हा सारा छंद म्हणजे पोट भरलेल्यांचा खेळ ठरतो आणि त्याचा त्याग करणेच नीतीला धरून होईल. हा निष्कर्ष मला मान्य नाही. गरजेची माणसे आणि स्वेच्छेची माणसे अशा दोन जाती नसतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मधील त्यांची पायपीट गरजेची आहे. वाटेत ते वारंवार लुबाडले गेले. तरीही परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड खांद्यावरून आणली. हे ओझे त्यांच्यावर कोणी लादले नव्हते. दारिद्र्यही माणसाकडून विनाकारण, प्रेमाने वाहिलेले ओझे सर्वस्वी हिरावून घेत नाही. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातील लोक एरवी पर्यटकांसाठी पाण्याचे नि सरबताचे ओझे घेऊन चढतात. नवरात्राच्या यात्रेत त्याच डोंगरावर, त्याच लोखंडी शिड्यांवरून, ते देवीला जातात. त्या दिवशी ते कोणाचे हमाल नसतात. स्वेच्छेची चढण त्यांनाही ठाऊक आहे. आपल्याहून जुन्या काळापासून ठाऊक आहे.

म्हणून प्रश्न छंद सोडण्याचा नाही, त्याविषयीचा अभिमान योग्य जागी ठेवण्याचा आहे. श्रमाचा गौरव करणारा मनुष्य माथ्यावरच्या लिंबूसरबताच्या पेल्यासाठी घासाघीस करू लागला, की त्याला श्रमाविषयी खरोखर आदर नव्हता, स्वतःच्या श्रमाविषयीच होता, हे उघड होते. ज्या पाण्याचा भाव त्याला चढा वाटतो, ते पाणी कोणाच्या तरी खांद्यावरून तेवढीच चढण चढून आलेले असते. आणि त्या खांद्याला मध्येच माघारी वळण्याची मुभा नव्हती. भूप्रदेशाचे सौंदर्य पाहण्याचा हक्क सर्वांचा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या हक्कात विनाकारण चढण्याची फुरसतही समाविष्ट केली पाहिजे. ती फुरसत काही थोड्यांनाच उरेल अशा रीतीने मजुरीचे भाव आणि कामाच्या अटी ठरत असतील, तर माथ्यावरून दिसणारा देखावा कितीही विस्तीर्ण असला तरी त्यात पायथ्याचे गाव नीट दिसत नाही, असेच म्हणावे लागेल. कळसूने तर कामाची अट आधीच सांगून ठेवली होती. तिच्या शिखरावर जाणाऱ्याने निदान तेवढी ऐकलेली असावी.