नवगावचा दाखला

थळच्या बाजारात कोळणीच्या पाटीत मुशी, शिंगाळा, कोळंबी, बोय सगळे एकत्र पडलेले असते. रीत पाळणारे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी खवले बघणार. खवले आणि पर दोन्ही असलेला मासाच खायचा, हा तोरा या यहुद्यांच्या धर्मग्रंथातला दंडक. त्यामुळे बोय पिशवीत जाते. मुशी, शिंगाळा, कोळंबी पाटीतच राहतात. याच दंडकावर समाजाची एक आवडती कथा उभी आहे. डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ मूळचे कोण, याचे त्याला कोडे पडले. त्याने बायकांपुढे सरमिसळ मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले आणि रहाबीची खात्री पटली.

रहाबी नेमका कधी आला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण त्याने परीक्षा ज्यांची घेतली, निकालही त्यांनाच सांगितला. आजच्या संशोधकांना हे साधतेच असे नाही.

थळला लागून उत्तरेला नवगाव. इथेच गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना इथल्याच मातीत पुरले, अशी या समाजाची श्रद्धा आहे. काळ इ.स.पू. 175 च्या आसपासचा सांगतात. (चित्पावनांच्या कथेतही किनाऱ्याला 14 प्रेते लागतात, कोकणच्या समुद्राला हा आकडा आवडत असावा.) शेजारच्या किहिमचे नाव आडनावात वागवणारे हाइम सॅम्युएल किहिमकर यांनी समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून ठेवला. तो छापून निघाला 1937 मध्ये, तेल अवीवला.

मार्च 2016 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात याच समाजाच्या जनुकांवर एक शोधनिबंध आला. येदाएल वाल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 बेने इस्रायली व्यक्तींचे नमुने तपासले होते. निष्कर्ष असा: या समाजात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा, असा दोन्हींचा वाटा भरपूर आहे. ही सरमिसळ 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण 650 ते 1,050 वर्षांपूर्वी झाली. यहुदी वाटा पुरुषांकडून जास्त आला, भारतीय वाटा स्त्रियांकडून. निबंध कुणालाही फुकट वाचता येतो.

हा निष्कर्ष व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत टाकला तर काय होईल? एका गटात ‘परंपरा विज्ञानाने सिद्ध केली’ म्हणून फिरेल, दुसऱ्यात ‘दोन हजार वर्षांची थाप उघडी पडली’ म्हणून. चूक दोन्हीकडे आहे. निबंधातली वर्षे सरमिसळीची आहेत, किनाऱ्याला लागण्याची नव्हेत. माणसे आधी येऊन पुष्कळ काळाने मिसळली असू शकतात, किंवा नंतरही कुणी येऊन मिळालेले असू शकतात. नवगावला गलबत फुटले की नाही, हे रक्ताच्या नमुन्यातून कळत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट स्त्री-पुरुषांच्या वाट्याची. रब्बींच्या धर्मशास्त्रात यहुदीपण आईकडून येते, नाहीतर विधिवत धर्मांतराने. ‘यहुदी वाटा बापाकडून’ हे वाक्य जीवशास्त्राच्या वर्गात निरुपद्रवी असते. ज्याच्या लग्नाचा अर्ज रब्बीच्या टेबलावर आहे, त्याच्या हातातल्या मोबाइलवर ते निरुपद्रवी राहत नाही. आणि ही भीती कल्पनेतली नाही. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलींच्या विवाहापूर्वी त्यांची वंशावळ तपासण्याचे आदेश काढले. कोकणातून, मुंबईतून तिकडे गेलेली माणसे रस्त्यावर उतरली. 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हटले, तेव्हा कुठे प्रकरण निवळले. त्या वेळी जनुकांची चाचणी कुणाजवळच नव्हती. समाज कोण आहे हा प्रश्न धर्मशास्त्राचा, स्मृतीचा आणि शेवटी राजकारणाचा होता. चाचणी आली म्हणून तो प्रयोगशाळेचा होत नाही, आणि शोधनिबंध सोशल मीडियावर मांडणाऱ्याने हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवे, पाचव्या पोस्टमध्ये नव्हे.

पुष्कळ विद्वानांना मुळात मांडणेच नको वाटते. स्वतःच्या कामाची जाहिरात ही आत्मस्तुती, असे त्यांचे म्हणणे. इथे जुने धर्मग्रंथ त्यांच्या बाजूने फारसे उभे राहत नाहीत. माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो आणि त्यातले ऋषींचे ऋण विद्येनेच फिटते, ही कल्पना वैदिक वाङ्मयातली. यहुद्यांच्या ‘पिर्के आवोत’मध्ये ज्याचे वचन त्याच्या नावाने सांगणे हा मोठा गुण मानला आहे. म्हणजे सांगायचे, आणि कुणाकडून मिळाले तेही सांगायचे. बाळशास्त्री जांभेकरांना यात संकोच वाटला नाही. त्यांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत काढला, शिलालेख-ताम्रपटांवर विद्वानांच्या नियतकालिकात लिहिले आणि 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर आणली. एका वाचकासाठी दुसऱ्याला त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही.

जनुकांच्या अभ्यासात हे ऋण ऋषींपुरते राहत नाही, नमुना देणाऱ्यांचेही होते. म्हणून अशा संशोधकाने यूट्यूबवर दहा मिनिटे बोलायचे ठरवले, तर ती मराठीतही बोलावीत. बेने इस्रायलींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे आणि इस्रायलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. व्हिडिओ जगजाहीर होण्याआधी अलिबागच्या आणि मुंबईच्या सिनेगॉगमधल्या जाणत्यांना दाखवावा. आकडा 18 आहे हे मथळ्यातच घालावे. लाइक्स कमी मिळतील, मिळू देत.

एक अडचण एवढ्यानेही सुटत नाही. नमुना देणाऱ्याची संमती घेणे हा अशा अभ्यासाचा नियमच आहे. पण 18 जणांच्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष लागतो तो भारतातल्या आणि इस्रायलमधल्या हजारो लोकांना, ज्यांना कुणी विचारलेले नसते. निबंध नियतकालिकात होता तोवर त्यातल्या बहुतेकांना तो कळलाही नसता. सोशल मीडियाने तो त्यांच्या घरात नेला, आणि त्याबरोबर ‘आम्हाला का नाही विचारलेत?’ हे संशोधकाच्या तोंडावर म्हणण्याची सोयही पहिल्यांदाच त्यांच्या हाती दिली. या प्रश्नाला द्यायचे उत्तर आजच्या संमतिपत्रांच्या छापील नमुन्यांत सहसा सापडत नाही.