श्वासाची सेवा आणि प्राणाचे स्वामित्व

बंद पडलेला श्वास यंत्राच्या साह्याने चालू ठेवता येऊ लागल्यापासून, श्वास चालवणारा जीवन देतो की केवळ जीवनाला अवधी मिळवून देतो, हा प्रश्न तत्त्वचिंतकांपुरता राहिलेला नाही. रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वसनाच्या विकारांत प्राणवायू, औषधी वाफारे आणि व्हेंटिलेटर यांची योजना सांभाळणारा श्वसनोपचारतज्ज्ञ, होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तो पदवीच्या काळातच उभा राहतो. भारतात हे शिक्षण बहुधा तीन वर्षांचे अध्यापन आणि एक वर्षाची इंटर्नशिप असे असते.

उपनिषदांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत. छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांमध्ये श्रेष्ठत्वाचा वाद होतो. वाणी, डोळे, कान आणि मन एकेक वर्ष शरीर सोडून जातात तरी शरीर तग धरते, पण प्राण निघू लागताच सगळी इंद्रिये मुळासकट उखडू लागतात आणि त्याचे श्रेष्ठत्व मान्य करतात. कठोपनिषद मात्र पुढे जाऊन सांगते की मर्त्य मनुष्य प्राणाने किंवा अपानाने जगत नाही, तर हे दोन्ही ज्याच्या आश्रयाने राहतात त्या वेगळ्याच तत्त्वाने जगतो. या दोन विधानांत विरोध नाही. पहिले श्वासाचे महत्त्व सांगते, दुसरे त्याची मर्यादा.

आधुनिक वैद्यकाला ही मर्यादा अनुभवाने कळली. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबत राहण्याची पद्धत स्वीकारण्यात आली आणि वैद्यकाचे विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र रुग्णांना श्वास देत राहिले. त्यातून असंख्य जीव वाचले. परंतु याच तंत्रामुळे, मेंदू कायमचा निकामी होऊनही छाती हलत राहते, अशी पूर्वी कोणी न पाहिलेली अवस्थाही निर्माण झाली. असा श्वास कुठवर चालवावा, या भूलतज्ज्ञांच्या प्रश्नाला 1957 मध्ये पोप बारावे पायस यांनी, असाधारण उपाय अखंड चालू ठेवण्याचे बंधन धर्म घालत नाही, असे उत्तर दिले. भारतात 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूच्या खोडभागाचा मृत्यू हा मृत्यूच मानला. तो ठरवताना ॲप्निया चाचणी घेतात: व्हेंटिलेटर काढून प्राणवायू चालू ठेवतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढूनही छाती आपणहून हलते का, हे पाहतात. मेंदूचा खोडभाग म्हणजे कठोपनिषदातले ते तत्त्व नव्हे, हे स्पष्टच आहे. तरीही हवेची ये-जा म्हणजे जीवन नव्हे, एवढे ही चाचणी निःसंशय दाखवते.

हा विवेक पदवीच्या शिक्षणात तंत्राच्या रूपाने आधीच आहे. बेशुद्ध रुग्णासाठी व्हेंटिलेटर लावताना विद्यार्थी प्रथम टेपने त्याची उंची मोजतो, कारण फुप्फुसांचा आकार शरीराच्या प्रत्यक्ष वजनावर नव्हे तर उंचीवर अवलंबून असतो. 170 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे सूत्राने येणारे वजन सुमारे 66 किलो धरले जाते, मग तो प्रत्यक्षात 90 किलोचा का असेना. फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या रुग्णांना किलोमागे 12 ऐवजी 6 मिलिलिटर, म्हणजे या पुरुषाला सुमारे 400 मिलिलिटर, इतकाच श्वास दिल्यास मृत्यू कमी होतात, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने सिद्ध केले. अधिक देणे म्हणजे अधिक उपकार नव्हे, हे येथे आकड्यांत शिकावे लागते. त्यानंतर येते वीनिंग, म्हणजे यंत्राचा आधार टप्प्याटप्प्याने कमी करून रुग्णाला स्वतःच्या श्वासावर आणणे. ज्या विद्येचे यश स्वतःची गरज संपवण्यात आहे, तिच्यात कर्तेपणाच्या अभिमानाला जागा उरत नाही.

अशा चिंतनाने उपचार करणाऱ्याचा हात ढिला पडेल, असा आक्षेप घेता येईल. तो टिकत नाही, कारण श्वासाचे स्वामित्व सोडणे म्हणजे सेवेत कसूर करणे नव्हे. उलट, आपण प्राणदाते आहोत असे मानणारा माणूस, जगवता येत नाही तेव्हा एकतर हट्टाने यंत्र चालवत राहतो किंवा अपराधभावाने खचतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले, आणि यंत्र कधी थांबवावे हा निर्णय थेरपिस्टचा एकट्याचा नसला तरी ते थांबवताना हात अनेकदा त्याचाच असतो. म्हणून या पदवीच्या अभ्यासक्रमात रक्तातील वायूंच्या विश्लेषणाइतक्याच गांभीर्याने हा प्रश्न शिकवला गेला पाहिजे; श्वास देण्याचे कौशल्य आणि तो आपला नाही याची जाणीव, या दोन्हींवाचून हे शिक्षण पूर्ण होत नाही.