भाता कोणीं ओढला?

दुसऱ्याचें साहाय्य घेतल्यानें आपल्या श्रमाचें मोल उणें होतें काय, हा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत कधीं ना कधीं आलाच असेल. जो स्वतःच्या पायांवर उभा राहूं पाहतो त्याला तर तो फारच बोचतो. याविषयीं नुसता तर्क लढविण्यापेक्षां फ्रान्स देशांतील एका सायकलस्वाराची हकीकत ध्यानांत घेणें बरें. कारण तींत हा प्रश्न पंचांपुढें खरोखरच आला होता.

त्या देशांत सन १९०३ पासून, दोन महायुद्धांचीं वर्षें सोडलीं तर, 'तूर द फ्रान्स' नांवाची सायकलींची मोठी शर्यत होत आली आहे. सन १९१३ च्या शर्यतींत एके दिवशींची मजल बायोन शहरापासून लुशों गांवापर्यंत, म्हणजे ३२६ किलोमीटर होती, आणि ती पिरेनीज पर्वतांतून. वाटेवरील तूर्माले घाटाचा माथा २,११५ मीटर उंच आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर. हा घाट उतरत असतां यूजेन क्रिस्तोफ नांवाच्या २८ वर्षांच्या स्वाराच्या सायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचें चाक धरून ठेवणारें दुफाटें लोखंड, मोडला. सर्व शर्यत जिंकण्याची त्याला त्या वेळीं मोठी आशा होती.

नियम असा होता कीं, ज्याचें मोडेल त्यानें तें स्वतःच नीट करावें, कोणाचा हात लागूं देऊं नये. क्रिस्तोफानें सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून अधिक वाट पायीं उतरून सेंत मारी द कांपां हें खेडें गांठलें. तेथें लोहाराची भट्टी होती. क्रिस्तोफ पूर्वी कुलुपें करण्याचें काम शिकलेला होता. लोहारानें तोंडानें सांगावें, यानें हातांनीं करावें आणि पंचांनीं शेजारीं उभें राहून पाहावें, असें सुमारें तीन तास चाललें. परंतु एका हातांत तापलेलें लोखंड व दुसऱ्यांत हातोडा असतां भाता कोणीं ओढावा? तो एका लहान मुलानें ओढला. आणि त्याबद्दल पंचांनीं क्रिस्तोफास दहा मिनिटांचा दंड केला. मागाहून तो कमी करून तीन मिनिटें केला.

जेथें त्याचे तासचे तास गेले होते तेथें दहा मिनिटांनीं हारजीत ठरणार नव्हती. मग दंड कशाचा? हें काम सर्वस्वीं तुझें नव्हे, एवढें सांगण्याचा.

नियम करणाऱ्यांस मी हंसणार नाहीं. मदतीची मोकळीक असती तर ज्याच्या पाठीशीं पैसा आहे त्याचे कारागीर गांवोगांव उभे राहिले असते व दुर्बळ स्वार मागें पडला असता. तथापि पंचांनीं मोजिलें काय, तें पाहा. भट्टी लोहाराची, ऐरण त्याची, शिकवण त्याची. यांचा दंड झाला नाहीं. ज्या उस्तादानें क्रिस्तोफास पूर्वी लोखंड वळविण्यास शिकविलें, तोही एका अर्थीं तेथें होताच. जो हात डोळ्यांसमोर हलला तेवढाच मोजला गेला. आपल्या गांवांत लोहाराची बायको भाता ओढते. म्हणून नांगराचा फाळ लोहारानें केला नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. (तिचें नांव मात्र कोणी घेत नाहीं, हा निराळाच अन्याय आहे.)

माझ्या मतें साहाय्य दोन प्रकारचें असतें. एक, माझें काम माझ्याऐवजीं करून टाकणारें. दुसरें, मला माझें काम करूं देणारें. परंतु या भेदाचा आडोसा करणें फार सोपें आहे. परीक्षेला बसलेला उमेदवारही म्हणेल कीं, 'शेजाऱ्यानें नुसतें सुचविलें, लिहिलें तर मींच.' म्हणून मी एक कसोटी लावून पाहतों: साहाय्य करणारा तेथून उठून गेला तर काय उरतें? मुलगा गेला असता तर क्रिस्तोफास हातोडा ठेवून स्वतः भाता ओढावा लागला असता, आणखी एखादा तास गेला असता, पण फोर्क सांधला गेला असता. क्रिस्तोफ उठून गेला असता तर कांहींच झालें नसतें. उमेदवाराचा शेजारी उठून गेला तर कागद कोरा राहतो.

क्रिस्तोफ पुन्हा सायकलीवर बसला, आस्पें व पेरसूर्द हे आणखी दोन घाट चढून त्यानें लुशों गांठलें, आणि त्या वर्षीं तो सातवा आला. सन १९१९ मध्यें तो सर्वांच्या पुढें असतां शर्यत संपण्याच्या सुमारास त्याचा फोर्क पुन्हा मोडला व पहिला क्रमांक हातचा गेला. तेव्हां लोकांनीं त्याच्यासाठीं वर्गणी जमविली. ती विजेत्याच्या बक्षिसाहूनही अधिक भरली. शर्यत चालविणाऱ्या ज्या वर्तमानपत्राचे हे कडक नियम होते, त्याच्याच वाचकांनीं ती दिली होती.