खालच्या पट्टीत

दिवेलागण झाली आहे. वाशीमला पद्मतीर्थाच्या काठी असाल, नाहीतर रिसोडला घराच्या ओट्यावर. आहात तिथेच टेकून बसा. पाठ ताठ ठेवायचा आग्रह नको. ज्याचं मनन करायचं आहे, त्यालाही ती ताठ ठेवता येत नव्हती.

लिओनार्ड कोहेन, माँट्रियलचा कवी आणि गायक. २०१६ साली वय ८२, मणके पिचलेले, शरीरात कर्करोग. स्टुडिओत जाणं झेपेना, म्हणून लॉस एंजेलिसच्या घरातच मुलानं, ॲडमनं, माइक मांडला. आजाऱ्याच्या खुर्चीत बसून कोहेननं ‘यू वाँट इट डार्कर’ हा अल्बम गायला. २१ ऑक्टोबरला तो प्रसिद्ध झाला. ७ नोव्हेंबरला कोहेन गेला.

थोडं थांबा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

आता तो आवाज मनात आणा. जवळजवळ बोलण्याइतका खाली उतरलेला. गेलेल्या सुरांमागे तो धावत नाही. उरलं आहे तेवढ्यात गातो. मला त्याचं हेच गाणं सर्वांत खरं वाटतं.

हाच कोहेन १९९९ मध्ये मुंबईत येऊन राहिला होता. रमेश बाळसेकरांच्या सकाळच्या सत्संगाला बसायचा. बाळसेकर निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, त्यांच्या मराठी निरूपणाचे इंग्रजी दुभाषे. खेतवाडीतल्या पोटमाळ्यावर महाराज बसत. घशाचा कर्करोग झाला, तरी आलेल्याच्या प्रश्नाला उत्तर देत राहिले. १९८१ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामुळेच कोहेन शेवटी असा गायला, असं मी म्हणणार नाही. पण दोघांना मनात शेजारी बसवा. घसा दुखतो आहे, बोलणं चालू आहे. पाठ दुखते आहे, गाणं चालू आहे. मग गातं कोण? उत्तराची घाई नको. प्रश्नापाशी बसून राहा.

शीर्षकगीतात पुरुषांचा एक वृंद ऐकू येतो. तो माँट्रियलच्या शार हाशोमायिम सिनेगॉगचा, कोहेनच्या बालपणीच्या प्रार्थनास्थळाचा. जगभर गाऊन झाल्यावर त्यानं आपल्या गावचे आवाज मागवले. इथे मी फार रेंगाळतो. आपल्याकडे माणूस गेला की भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन दारात येतं. कोहेननं आपलं मंडळ जिवंतपणीच बोलावलं, आणि त्यांच्या सुरात स्वतःचा सूर मिसळला.

तुम्ही कुणाला बोलवाल? चेहरे येऊ द्या, सावकाश. पेटी वाजवणारे काका. अभंगाची चाल विसरून शब्द तेवढे आठवणारी आजी. त्यांच्यातलं कुणी गावात असेल, तर उठल्यावर त्यांच्याकडे जा. पेटी काढा. पट्टी खालची धरा, म्हणजे त्यांनाही झेपेल.