तेच रान, पुन्हा पुन्हा

निसर्गशिबिरे, गडवाटांवरची शनिवार-रविवारची गर्दी आणि पर्यावरणदिनाची भाषणे या साऱ्यांमागे एकच समजूत उभी असते: लहानपणी रानावनात हिंडलेला माणूस मोठेपणी जमिनीची काळजी घेणारच. प्रेम आधी रुजवा, शहाणपण मागून येईल. ही समजूत इतकी लोभस आहे की तिच्याकडे पुरावा मागणेही निर्दयपणाचे वाटते. तरी तो मागायला हवा, कारण एखादी मागणी निसर्गप्रेमींची आहे एवढ्यावरच ती त्या जमिनीच्या हिताची आहे असे आपण धरून चालतो. तंत्रज्ञान सारे सावरून घेईल म्हणणाऱ्यांशी इथे वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या विचारात जमीनच नसते. केवळ कायद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना कायदा पाळणारी माणसे दिसत नाहीत. खरा प्रश्न प्रेमावर विसंबणाऱ्यांचा आहे, कारण ते बरोबर असावेत असे आपल्यालाही मनातून वाटत असते.

भरतपूरचे उदाहरण पाहावे. केवलादेव घना ही संस्थानी काळात पाणी खेळवून बदकांच्या शिकारीसाठी घडवलेली पाणथळ, क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटर. भोवतालच्या गावांच्या म्हशी तिथे पिढ्यानपिढ्या चरत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर 1982 साली ही चराई बंद केली गेली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. बंदीच्या बाजूने उभे राहिलेल्यांत सलीम अली होते. पाखरांवर त्यांच्याइतका जीव या देशात क्वचितच कुणी लावला असेल. सारी हयात त्यांनी रानोमाळ काढली होती. पण म्हशी गेल्या आणि पास्पालम नावाचे गवत उथळ पाण्यात बोकाळले. उघडे पाणी आक्रसले, पाणपक्ष्यांची उतरण्याची आणि भक्ष्य शोधण्याची जागा कमी झाली. हे सलीम अलींच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दहा वर्षांच्या अभ्यासानंतर सांगितले. ज्यांना आपण घुसखोर समजत होतो त्या म्हशी ती पाणथळ पाणथळ म्हणून टिकवत होत्या. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा द्यावी लागली. इथे प्रेम अपुरे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रेम भरपूर होते आणि निर्णय चुकला, त्याची किंमत मात्र प्रेम करणाऱ्यांनी मोजली नाही.

यावर हमखास पुढे केले जाते ते अमेरिकेच्या आल्डो लिओपोल्डचे नाव. लहानपणापासून शिकारी, रानवेडा, आणि अखेरीस भूमीच्या नीतीचा प्रवक्ता: समजुतीला याहून चांगला साक्षीदार कुठला? पण ही साक्ष उलटतपासणीत टिकत नाही. 1909 मध्ये वनखात्यात रुजू झालेला तरुण लिओपोल्ड नैर्ऋत्येकडील डोंगरांवर मनापासून प्रेम करणाराच होता, आणि तिथले लांडगे संपवावेत म्हणून हिरिरीने बाजू मांडणाराही तोच होता. हरणे वाढावीत हा त्याचा हेतू. पुढे मत पार बदलले. प्रेम होते तसेच राहिले. ज्या गोष्टीत काहीच फरक पडला नाही तिला या बदलाचे कारण कसे म्हणायचे? बदलले ते त्याच्या समोरचे उतार: हरणांनी ओरबाडलेली झुडपे, वाहून गेलेली माती. 1933 पासून विस्कॉन्सिनमधल्या कून व्हॅलीत शेतकऱ्यांशी करार करून उताराला आडवी नांगरट, पट्टापद्धतीची पिके, चढावरच्या झाडीतून गुरे बाहेर असे काम सुरू झाले. त्यात तो सल्लागार होता. 1935 मध्ये त्याने नदीकाठची झिजलेली, टाकून दिलेली शेती घेतली आणि 1948 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच जमिनीवर झाडे लावली, त्यातली कितीतरी मेलेली पाहिली, पुन्हा लावली.

मग प्रेम निरुपयोगी आहे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दहा वर्षे चिखलात उभे राहून पक्षी मोजायला पगार पुरत नाही, ओढ लागते. आणि स्वतःच्या संस्थेच्या भूमिकेविरुद्ध जाणारा निष्कर्ष छापायला तर ती अधिकच लागते. माझे म्हणणे इतकेच की प्रेमाच्या दोन जाती आहेत. एक दर वेळी नवे रान शोधते: नवा गड, नवा धबधबा. दुसरे त्याच रानात परत येते आणि गेल्या वर्षीपेक्षा काय बदलले ते बघते. पहिल्याने माणूस ताजातवाना होतो, पण त्याची चूक त्याला कधी कळत नाही, कारण परिणाम दिसायच्या आत तो दुसरीकडे गेलेला असतो. ही फाळणी शहरी आणि गावकरी अशी नाही. धनगर तेच माळ दरसाल बघतो, पण परत येणारा संशोधकही बघतो. उलट गावातलाच पुढारी एकदा झाडे लावून कायमचा पाठ फिरवू शकतो. माळरानाला पडीक समजून तिथे खड्डे खणणारा वृक्षप्रेमीही झाडांवर मनापासूनच प्रेम करतो. त्या गवताचे चार मोसम त्याने पाहिलेले नसतात, एवढेच.

नुसते परत येणे पुरेसे आहे का, हा आक्षेप मला रास्त वाटतो. कुऱ्हाड घेऊनही माणूस त्याच रानात परत येतो. म्हणून येणाऱ्याजवळ मागच्या वर्षाची नोंद हवी, आणि त्या नोंदीपुढे आपला मोह आवरता यायला हवा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे महत्त्व मला इथे वाटते. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी तिथेही आली, पण गावाने स्वतःवर लादून घेतलेली. दर वर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरतात. उसासारखी पाणी पिणारी पिके टाळली जातात, शेतीसाठी बोअरवेल घेतली जात नाही. भरतपूरच्या बंदीशी हिची तुलना करणाऱ्यांनी हा फरक नजरेआड करू नये: इथे पाऊस कमी झाला तर बंदी घालणाऱ्याचेच शेत रिकामे राहते. तेव्हा कुंपण, चराईबंदी किंवा लागवड यांपैकी काहीही ठरवण्यापूर्वी त्या जागेची सलग काही वर्षांची नोंद मागितली जावी, ती नोंद ठेवणाऱ्यांत तिथे ढोरे नेणारेही असावेत, आणि नोंद नसेल तर निर्णय थांबवावा. भरतपुरात निष्कर्ष हाती आले तेव्हा म्हशींना बाहेर काढून कित्येक वर्षे झाली होती.