वास्तूचा धर्म

माणसाचा धर्म कोणता, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण वास्तूलाही काही धर्म असतो काय? हा विचार माझ्या मनात एका विद्यार्थ्यामुळे आला.

आमच्या बोरगावच्या शाळेची सहल छिंदवाडा, तामिया, मटकुलीमार्गे पचमढीला गेली होती. तेथे ‘बायसन लॉज’ नावाची जुनी वास्तू आहे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने ती 1862 साली कोरकूंच्या मुलखात, जंगलातील मुक्कामासाठी बांधली. पुढे पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. ऊन तापू लागले की नागपूरचा सरकारी लवाजमा डोंगर चढू लागे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. आज त्या लॉजमध्ये जंगलाची ओळख करून देणारे संग्रहालय आहे. साहेबाच्या मुक्कामाची जागा मुलांच्या कुतूहलाची झाली.

हे सारे मी मोठ्या समाधानाने सांगत होतो. तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, आपल्या मराठीच्या खोलीत संगणक ठेवले, तेही असेच का?”

मी निरुत्तर झालो. पटसंख्या घटली म्हणून मराठी माध्यमाची ती खोली मोकळी करण्याच्या कागदावर सही माझीच होती. संगणक मुलांना हवेच होते. निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. मग टोचत होते ते काय?

उपयोग बदलणे हा वास्तूचा धर्मच आहे. जी बदलत नाही ती ओस पडते. परंतु नवा येऊन बसतो, तेव्हा आधीचा कोणी उठलेला असतो. लॉजच्या इतिहासात फॉर्सिथचे नाव उरले. दगड वाहणाऱ्या हातांची नावे उरली नाहीत. उठलेल्याला बसायला जागा दिली काय, हा हिशेब भिंती देत नाहीत. तो माणसाने द्यायचा असतो. मी दिला नव्हता. मराठी पुस्तकांची पेटी व्हरांड्यात वाळवीच्या तोंडी पडली होती.

आता दर शनिवारी शेवटच्या तासाला संगणक बंद होतात आणि ती पेटी त्याच खोलीत उघडते. पहिल्या शनिवारी सात मुले आली. सात म्हणजे थोडी, एवढे गणित मलाही कळते. पण प्रश्न विचारणारा मुलगा त्यांत होता.