बुडालेल्या खेळाचा हिशेब

कोरोनाकाळात मुलांचा अभ्यास किती बुडाला, याचा हिशेब आपण मांडला. खेळ किती बुडाला, याचा नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला 1 डिसेंबर 2021 उजाडला. पुढे ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2022 च्या पाहणीत, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं ग्रामीण महाराष्ट्रात 2018 च्या 42 टक्क्यांवरून 27 टक्क्यांच्या घरात घसरलेली दिसली. ही घसरण भरून काढायची तर तास वाढवा, सराव वाढवा, असं आपल्याला लगेच सुचतं. मला यवतमाळ जिल्ह्याकडे पाहून वेगळं सुचतं.

झरी-जामणी, घाटंजीकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, किंवा दिग्रस-पुसदच्या तांड्यांवर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही घोषणा मोबाइलच्या रेंजपाशी अडायची. घरात फोन असलाच तर एक, तोही बापाच्या खिशात, वावरात. अशा वस्तीवर शिक्षण पोचलं ते शिक्षक स्वतः गेले तेव्हाच. कुणाच्या ओट्यावर, कुठं निंबाखाली मुलं लांबलांब बसायची. आणि पाठ आटोपल्यावर लगेच गाडीला किक न मारता जो शिक्षक पोरांबरोबर विटीदांडू मांडायचा, त्याचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

त्या खेळात काय घडतं ते पाहा. विटी लांब गेली की अंतर दांडूनं मोजायचं. लहानगा मोठ्यानं मोजू लागतो, विसाच्या पुढं अडखळतो. दुसरा आकडा पुरवतो, मोजणी पुढं सरकते. चुकलं म्हणून कुणी वहीवर लाल रेघ मारत नाही. झेल घेतला की सरही बाद, दांडू मुकाट्यानं पुढच्याच्या हाती. नियम मोठ्यांनाही लागू असतो, हे मूल तिथं डोळ्यांनी बघतं. दीड वर्ष घरातली भीती आणि आटलेली मजुरी पाहिलेल्या मुलाला आधी हा भरवसा हवा होता. चुकायला न घाबरणारं मूलच पुढं वाचायला तोंड उघडतं.

संसर्गाचं काय, हा आक्षेप रास्त आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात लवकर लागली ती अमरावती, यवतमाळ या पट्ट्यातच. रुग्ण वाढत असताना खेळ थांबवणंच शहाणपणाचं होतं. पण एरवी उघड्या मैदानावर, मोजक्या मुलांत, कबड्डीऐवजी लगोरी किंवा बिल्लस निवडता येत होतं.

मुलांपर्यंत शाळा नेण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, मुलांच्या कामाच्या जागीच शाळा नेली. मुलाच्या जगण्यात शिरल्याशिवाय शिकवणं लागू पडत नाही, हे त्यांनी जाणलं होतं.

म्हणून मागणी साधी आहे. शाळा सुटल्यावर मुलांबरोबर खेळण्याचा अर्धा तास एखाद्या शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडू नये. तो त्याच्या कामाच्या वेळेत धरावा, त्यासाठी अशैक्षणिक कामांचा बोजा उतरवावा, आणि मागे पडलेल्या मुलाला वाचनाचा जादा तास देताना तो खेळाच्या तासिकेतून कापू नये. वाचनाची घसरण आकड्यांत दिसते म्हणून तिच्यासाठी योजना निघतात. खेळाची तूट आकड्यांत दिसत नाही, पण खेळाला मुकलेली मुलंच आज वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतात, आणि त्यांना बोलतं करणं हेही शिक्षणच आहे.